नानांच्या गाठीवरचा मार्का

मंगळवार, संध्याकाळ, धुळे

शिरपूरच्या जिनिंगवाल्या नानांसाठी वेबसाइट बनवतेय. कापसाच्या गाठी भरून झाल्या की बटण दाबायचं आणि त्या ट्रकची ओळ हिरवी व्हायची, इतकं साधं काम. ओळ हिरवी करणारी जावास्क्रिप्ट माझा पायथनचा सर्व्हर अजॅक्सने, म्हणजे पान पुन्हा न उघडता, पाठवतो. पण दोन दिवस ओळ हिरवी होईना. उलट सगळा कोडच नानांच्या स्क्रीनवर उमटला! उद्या ते भागीदारांना दाखवणार, आणि आज दुपारपर्यंत मी इथे कपाळाला हात लावून बसलेले.

दुपारी त्यांचा फोन. "पोरी, हाई काय शे?"

म्हटलं, "नाना, माल बरोबर पोचतोय, पण ब्राउझर तो चालवत नाही, नुसता दाखवतो."

"मार्का लायेल शे का? गाठवर मार्का नही तं गाडीमा कोन भरी?"

मी हसले. मार्का! गाठीत कुठला माल आहे ते सांगणारा शिक्का. पाठवतेय ती जावास्क्रिप्ट आहे, हे ब्राउझरला सांगायचंच राहिलं होतं. त्याने बिचाऱ्याने साधा मजकूर समजून दाखवला. दोन दिवस मी कोड उलटापालटा करत बसले आणि मार्का बघितलाच नाही. एवढी कशी मी बावळट?

सर्व्हरमध्ये तेवढा मार्का लिहिला. पाच मिनिटांत नाना फोनवर ओरडले, "हिरवी व्हयनी!" मग हळूच विचारलं, "मार्का इसरना तो मानूस नवा शे का?"

दहा वर्षं हेच काम करतेय. म्हटलं, "हो नाना, नवीनच आहे."