अण्णांची गिटार आणि निळ्याचे सतरा हात

३ फेब्रु., मंगळ.
कानाच्या डॉक्टरांनी मायला दोन्ही कानांची मशीनं सांगितली. सांगितली मला, तिला ऐकूच आलं नाही. किंमत ऐकून मीही थोडा वेळ बहिराच झालो. रिक्षात तिनं हातानं विचारलं, किती? मी बोटं दाखवली. बाहेर बघत म्हणाली, "मग ती गिटार ईक. मला ऐकू येत नाय, तुला वाजवता येत नाय. कशाला पलंगाखाली धूळ खाती?"
रिक्षावाल्यालासुद्धा पटलं.

५ फेब्रु., गुरु.
फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर पलंगाखालून गिटारची पेटी ओढली. वडील, म्हणजे अण्णा, गेल्यापासून उघडलेली नव्हती. आत गिटार, गोधडीत गुंडाळलेली. मांडीवर आडवी घेऊन, लोखंडी दांडी तारांवरून सरकवत वाजवायची ती हवाईयन गिटार. लाकडाची फळीच म्हणा, सहा तारा, दोन बटणं. डोक्यापासून बुडापर्यंत निळी. ऑइलपेंट. अण्णा करमाडला रेल्वेत गँगमन, आणि भीमगीतांच्या पार्टीत गिटारवाले. जयंती आली की पार्टीतल्या सगळ्या वाद्यांना निळ्याचा एक हात बसायचा. ढोलकीला, बाजाच्या पेटीला, हिलाही.
रंगाचे ओघळ, ब्रशचे केस, मध्येच एक डास चिकटलेला. बावीस वर्षं कारखान्याच्या पेंट शॉपमध्ये इन्स्पेक्शन करतोय. असं पॅनल समोर आलं असतं तर न तपासताच परत पाठवलं असतं.
आठ फोटो काढले. जुन्या वाद्यांच्या ग्रुपवर टाकले.

७ फेब्रु., शनि.
पुण्याहून फोन. फर्नांडिस म्हणून आहेत, जुन्या गिटारी जमवतात. (पुढे नुसतं फ.) गोड माणूस, पण प्रश्न पोलिसासारखे. कुठून आली? कधी आली? बिल आहे का?
बिल कुठलं! अण्णा सांगायचे, मनमाडला एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर होता, तो ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा जाताना देऊन गेला. आम्ही सगळे हसायचो. अण्णांच्या प्रत्येक गोष्टीत एक साहेब असायचाच.
फ. म्हणाले, गोष्ट राहू द्या, बटणाखालची पत्र्याची पट्टी उघडा. आत व्हॉल्यूमचा गोल भाग असेल. त्याच्या पाठीवर आकडे असतील, ते वाचून सांगा.

८ फेब्रु., रवि.
सकाळी विहारात बुद्धवंदना. माय हल्ली मागच्या रांगेत बसते. सगळ्यांचं 'साधू साधू साधू' म्हणून झालं की हिचं एकटीचं सुरू होतं. पुढच्या दोन पोरी हसल्या. मायनं ते पाहिलं.
दुपारी म्हणाली, पुढच्या रविवारी तुम्ही जा, मी भाकऱ्या करते.
मला फार लागलं हे. बजाजनगरात विहार नव्हता तेव्हा प्रत्येक घरून विटा मागत फिरलेली बाई ही.

९ फेब्रु., सोम.
पट्टी उघडली. एक व्हॉल्यूम आपल्याकडच्या रेडिओचा, नंतर बसवलेला, सोल्डरचा डाग चकचकीत. दुसरा जुना, डाग काळपट, कुणी हात न लावलेला. पाठीवर सहा आकडे. फोनवर वाचले. फ. म्हणाले, पहिले तीन कारखान्याचे, चौथा वर्षाचा, शेवटचे दोन आठवड्याचे. चौथा पाच. म्हणजे पंचेचाळीस नाहीतर पंचावन्न साल. तारा पिळायच्या पेगांचा आकार बघता पंचावन्न. अमेरिकेची.
"तुमच्या वडिलांचा ड्रायव्हर खरा होता हो."
बायकोला, वंदनाला, सांगितलं. ती म्हणाली, "अण्णांची माफी मागा आता." फोटोसमोर उभं राहून खरंच मागितली. मनातल्या मनात. हसू पण येत होतं.

११ फेब्रु., बुध.
फ.चा हिशोब सरळ. निळी आहे तशी दिली तर एक किंमत. निळ्याखाली मूळचं पॉलिश शाबूत असेल आणि मी निळा काढून दिला, तर जवळजवळ दुप्पट.
म्हणजे आहे तशी दिली तर एक कान. रंग काढला तर दोन्ही.
यात विचार काय करायचा? रंग काढणं हे तर आपलं रोजचं काम. फक्त थिनर लावायचं नाही, थिनर खालचं पॉलिशही खाईल. कोरडं घासायचं, हळूहळू.

१५ फेब्रु., रवि.
सुट्टी. आधी एका जागी घासून बघायचं ठरवलं. जागा निवडली मागच्या बाजूची, खालचा कोपरा. तिथं आधीच ओरखडे होते. इन्स्पेक्शनची सवय: चाचणी खराब जागेवर घ्यायची, चांगली जागा वाचवायची.
पॉलिश पेपर ओला न करता गोल गोल घासला. रुपयाएवढी खिडकी पडली. एकेक थर उघडत गेला, कापलेल्या कांद्यासारखा. भिंगातून मोजले. सतरा. सतरा जयंत्या! कुठला गडद, कुठला आकाशी, एक तर जवळजवळ हिरवा. त्या वर्षी दुकानदारानं फसवलं असणार. वरच्या अकरा थरांत ओरखडे भरलेले. खालच्या सहांत नाहीत. हे काय ते कळलं नाही.
आणि सगळ्यात खाली मधाच्या रंगाचं पॉलिश. एक तडा नाही. ऑइलपेंटनं त्याला सत्तर वर्षांची हवाच लागू दिली नव्हती. सत्तर नव्हे, पण बरीच. ज्या रंगाला मी नावं ठेवली त्यानंच माल जपला.
फ.ला फोटो पाठवला. त्यांनी नुसत्या टाळ्या पाठवल्या.
आज विहारात माय आली नाही.

१६ फेब्रु., सोम.
लिहावंसं वाटत नाही. लिहितो.
चहा घेताना मायला खिडकी दाखवली, कौतुकानं. तिनं बोट फिरवलं. मग म्हणाली, "इथं माझं नाव व्हतं."
मला वाटलं, ऐकण्यात काहीतरी... पण ऐकत तर मी होतो.
फोनवरचा घासण्याआधीचा फोटो काढून दाखवला, तो कोपरा मोठा करून. तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि उलटा धरला. ओरखडे सरळ झाले. सुमन. वाकडातिकडा 'सु', पोट फुगलेला 'म', पण सुमन.
रंग दरवर्षी तीच द्यायची. अण्णांना रंगाच्या वासानं खोकला यायचा. लग्नानंतरच्या पहिल्या जयंतीपासून. सहा वर्षांनी रात्रीच्या वर्गात नाव लिहायला शिकली, आणि त्या वर्षीपासून ओल्या रंगात केसातल्या आकड्यानं नाव काढायची. दुसऱ्या वर्षी वरून रंग, वरून पुन्हा नाव. अकरा वेळा. मग अण्णांची पार्टी मोडली.
हे मला पन्नासाव्या वर्षी कळतंय. अकरा नावं मी एका दुपारी घासली आणि ती धूळ झाडूनं लोटली. रडू आलं. तिला ऐकू जात नाही म्हणून जरा मोकळेपणी रडलो, पण दिसतं की तिला.
"येड्या, लाकडावरचं गेलं. मला लिवता येतंय ते कुठं गेलं?"

१७ फेब्रु., मंगळ.
फ.ला कळवलं, रंग काढणार नाही. आहे तशी घेणार असाल तर बोला. कारण नाही सांगितलं. ते म्हणाले, विचार करा, नुकसान तुमचंच आहे. खरं आहे.
वंदना म्हणते, एका कानानं सुरुवात करू, दुसऱ्याचं बघू. माझी दिवाळीची रक्कम आहे. तिचा भिशीचा नंबर जूनमध्ये. हिला मी रागीट म्हणतो, पण अडचणीत हिच्यासारखं शांत कुणी नाही.

२४ फेब्रु., मंगळ.
मायशी भांडण. ओरडून भांडावं लागतं, अख्ख्या गल्लीला कळतं.
ती: "ईक म्हणले ना. रंग काढ अन् ईक."
मी: नाही.
ती: "गिटार कुणाची?"
मी: अण्णांची.
ती: "त्यांना सूर कोण सांगायचं? मी चुलीपुढं, ते वसरीला. तार पिळायचे अन् इचारायचे, झाली का? मी म्हणायचे, अजून. भाकर थापता थापता सहाच्या सहा तारा लावून द्यायचे मी. ह्यांचा हात चांगला व्हता, कान नव्हता."
आणि मग कानाच्या पाळीला हात लावून बसली. मी समजत होतो की विहारातल्या पोरी हसल्या म्हणून तिला मशीन हवंय.

४ मार्च, बुध.
डॉक्टरांनी आठ दिवस वापरून बघायला एक मशीन दिलं, उजव्या कानाला. बसवलं. डॉक्टरांनी विचारलं, आजी, येतंय का ऐकू?
"हळू बोला की. बहिरी हाय का मी?"
वंदना खुर्चीवरून पडायची बाकी होती.
घरी येताना माय सारखी मान वळवत होती. रिक्षाचा हॉर्न, उसाच्या चरकाचे घुंगरू. फ्रिज आवाज करतो हे तिला माहीतच नव्हतं. म्हणाली, बिघडलाय, दाखव कुणाला तरी.

७ मार्च, शनि.
फ.चा मेसेज: निळ्यासकट घेतो, थोडे वाढवून देतो. रंग काढलात तर आधीचीच दुप्पट. सोमवारपर्यंत सांगा.
मायला वाचून दाखवलं. साध्या आवाजात, ओरडून नाही. तिनं पूर्ण ऐकलं. म्हणाली, "सोमवार लांब हाय. आण ती हिकडं."
मांडीवर घेतली नाही. माझ्या मांडीवर ठेवायला लावली. ॲम्प्लिफायर नाही, काही नाही. नुसती तार छेडली तर जेमतेम फ्रिजएवढा आवाज. वंदनानं फ्रिजचं बटण बंद केलं. मायनं स्टूल ओढलं, मशीनचा कान तारांजवळ आणला, डोळे मिटले.
पहिली तार. मान हलवली. दुसरी. मान हलवली. तिसरी छेडली तर कपाळाला आठी.
"उतरलीय."
मी पेग थोडा पिळला, छेडली. मला तर झाली असं वाटलं. विचारलं, झाली का?
"अजून."