सरदार आणि त्याचा भाऊ

१२ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. चार ओळी खुशालीच्या आणि दोन पानं उपदेशाची, म्हणजे तू ठणठणीत आहेस. कॉलेज अर्धवट सोडल्याचं तू पुन्हा काढलंस, म्हणून मीही पुन्हा सांगतो, पस्तावा नाही.

आता कामाचं. उबवणी केंद्राचे मालक पुढच्या आठवड्यात माझ्या कोंबड्या बघायला येताहेत. पसंत पडल्या तर उबवायची अंडी ते वर्षभर माझ्याकडून घेणार. आणि ते तिचे वडील आहेत, हे तुला सांगायला नकोच. ती तिथेच दिव्यापुढे अंडी धरून कुठल्यात पिल्लू धरलंय, कुठलं रिकामं ते बघते. परवा तिने मला अंड्यातल्या लाल शिरा दाखवल्या. मला फक्त तिची बोटं दिसली. हसू नकोस.

पैदाशीला कोंबडा म्हणून मी सरदार ठेवलाय. भरलेली छाती, सरळ पाय, लालभडक तुरा! अंगावर धावून येतो एवढंच. काल माझ्या पोटरीत नख रुतवलं. पण नर म्हटला की रग हवीच. त्याला बघून मालक नाही म्हणाले तर मिशी उतरवीन.

लोभ आहेच, उपदेश तेवढा आवर.

तुझा,
भाऊ

१८ जानेवारी

चि. भडकूस,
अनेक आशीर्वाद.

मिशीची पैज लावण्याआधी ती नीट उगवू दे, असं तुझे दाजी म्हणताहेत.

सरदाराची छाती, पाय, तुरा सगळं लिहिलंस, माद्यांबद्दल एक अक्षर नाही. त्यांच्या पाठी बघ. पिसं उडाली असतील, त्याला वचकून त्या लांब लांब राहत असतील, तर अंडी रिकामीच निघणार. अंगावर येणारा नर आई कधी पैदाशीला ठेवत नसे. पिल्लांत तुरा उतरतो तसा रागही उतरतो, असं तिचं म्हणणं. सरदाराचा एक भाऊ होता ना, दाणे टाकले की आधी माद्यांना बोलावणारा? तो कुठाय?

आणखी एक. तिचे वडील नुसते कोंबडे बघायला येत नाहीत. टोचून बोलले तर कॉलेजातल्यासारखं टेबल आपटून निघून जाऊ नकोस. तिथे टेबल नाही, आणि घर तुझंच आहे.

रागावलास तरी चालेल, पत्र मात्र लिही.

तुझी,
ताई

२७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून इतका चिडलो की उत्तरच लिहिलं नाही. माद्यांच्या पाठी बघितल्या. तू म्हणालीस तशाच निघाल्या. तरी हट्टाने सरदाराला हलवला नाही.

मालक आले, सोबत ती. मालकांनी खुराड्यात पाऊल टाकलं आणि सरदाराने थेट त्यांच्या गुडघ्यावर झेप घेतली. पँट फाटली. ते म्हणाले, कोंबड्याने धन्याचं वळण बरोबर उचललंय, हाही शिक्षण अर्धवट टाकून आलेला दिसतो. ताई, कानशिलं तापली माझी. तोंडाशी आलेलं उत्तर असं झकास होतं, की अजून हळहळ वाटते. तेवढ्यात तिच्याकडे नजर गेली. ती कोंबड्याकडे बघतच नव्हती. माझ्याकडे बघत होती, दिव्यापुढे अंडं धरून बघते तशी.

मी तोंड मिटलं. सरदाराला काखोटीला मारून बाहेर नेला आणि पलीकडून त्याचा भाऊ आणून सोडला. तुरा बेताचाच. दाणे टाकले. त्याने एक दाणा चोचीत उचलला, खाली ठेवला आणि माद्यांना हाका मारत बाजूला उभा राहिला. त्या धावत आल्या. मी मालकांना सांगितलं, अंगाने तो भारी, पण पैदाशीला हा. माझी निवड चुकली होती, आता बदलली.

अंडी घेताहेत! आणि आमचं काय ते तिने घरी आधीच सांगून टाकलं होतं, हे मला तेव्हा कळलं. निघताना मालक म्हणाले, या नराची पिल्लं मोठी होऊ देत, त्यांचा स्वभाव बघू, मग लग्नाच्या बोलण्याला बसू. पिल्लांचा आणि माझा काय संबंध, म्हणून एरवी मी तिथेच भांडलो असतो. मी बरं म्हणालो. नुसतं बरं. तुझा विश्वास बसणार नाही, पण साक्षीदार आहे, आणि ती हसत होती.

मिशी शाबूत आहे. सरदाराला तुझ्याकडे पाठवतोय. दाजींना म्हणावं, गुडघे सांभाळा.

लोभ वाढव, उपदेशही चालेल.

तुझा,
भडकू