बेटावरचे बारा खांब

१२ जानेवारी, सोमवार
ठरलं. शनिवारी हंपी! ईशान खूश, मी गार. हंपीबद्दल तक्रार नाही, पण तिथून जवळच तुंगभद्रेत ते बेट आहे ना— देवीगड्डी. मूठभर घरं आणि सासरची कुलदेवी. नव्या सुनेने सासूबरोबर होडीतून पलीकडे जाऊन ओटी भरायची. घरच्या पुरुषांनी त्या दिवशी बेटावर यायचंच नाही! आणि होडी कसली, पाण्यावर तरंगती टोपली. मला पाण्याची भयंकर भीती वाटते. आईंना कसं सांगू? पुण्याची सून नाजूक निघाली म्हणतील.

१४ जानेवारी, बुधवार
राजाजीनगरला सासरी एळ्ळु-बेल्ला खायला— म्हणजे आपला तिळगूळच. आईंनी पुन्हा देवळाचं वर्णन लावलं. बारा खांब, एकावर हत्ती, गाभाऱ्यात चंदनाचा वास. "नदी कसली, स्वल्प पाणी!" म्हणे. आजेसासूबाई, म्हणजे अज्जी, सुपारी कातरत ऐकत होत्या.

१७ जानेवारी, शनिवार. होस्पेट
सुटले! सुटले!

ईशान आणि बाबा हत्तीशाळा बघायला गेले, आम्ही दोघी नदीवर. नावाडी नागराज टोपली धरून उभा— "बन्नी अक्का, बन्नी!" म्हणत बोलावतोय. शेवटी बोलून टाकलं, "आई, मला पाण्याची भीती वाटते हो."

आईंनी माझा हात घट्ट धरला. आणि मला घेऊन दोन पावलं मागेच सरकल्या!

"मलाही," म्हणाल्या. "लग्न झाल्यापासून एकदाही पलीकडे गेले नाही गं."

"मग ते बारा खांब?"

"अज्जींनी सांगितलेले! माझ्या वेळी त्यांचे पाय दुखत होते, मला एकटीलाच नदीवर धाडलं."

ओटी नागराजच्या बायकोने, कावेरीने, पलीकडे नेली. दर वेळी तीच नेते म्हणे. आम्ही काठावरूनच हात जोडले, मिरची भजी खाल्ली आणि पोट धरधरून हसलो. घरी कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. किती हलकं वाटतंय! या बाईंना मी उगाचच घाबरत होते.

१८ जानेवारी, रविवार
ईशानचे हत्तीशाळेचे फोटो संपतच नाहीत. बघतेय. आज सगळंच गोड लागतंय.

२५ जानेवारी, रविवार
राजाजीनगर. सगळ्यांसमोर अज्जींनी विचारलं, "देऊळ कसं वाटलं?" मी सुरू झाले— खांब, चंदन, हत्ती. हत्तीची सोंड वर उचललेली, हे माझ्या पदरचं! आई गंभीरपणे मान डोलावत होत्या. निघताना नमस्काराला वाकले, तर अज्जी कानात म्हणाल्या, "सोंड छान जमली हं. मी तो हत्ती रचला, तेव्हा मला नव्हती सुचली."