जुना थर्मोस्टॅट सापडला

क्लाइव्ह,

बॉयलरला हात लावू नकोस. घर रात्रंदिवस भट्टीसारखं का तापतंय, ते बघायला दुरुस्तीवाला येऊन गेला. म्हणाला, "ताई, बॉयलर ठणठणीत आहे. भिंतीवरचा नवा थर्मोस्टॅट तुम्ही त्याला जोडलेलाच नाही. बॉयलर अजून जुन्याचंच ऐकतोय, आणि जुना कुठेतरी गारठ्यात पडलाय, म्हणून बॉयलर थांबतच नाही."

जुना म्हणजे आपल्या आईचा, बिनतारी. तू सारखं तापमान उतरवायचास, म्हणून ती तो स्वेटरच्या खिशात घालून फिरायची. तोच स्वेटर घालून तिला पुरायचा हट्ट तुझा. खिसे कोण बघणार होतं?

दफनभूमी आपल्या भिंतीपलीकडेच, तेव्हा सगळं जुळतंय. एकच गोष्ट नाही. जुन्या थर्मोस्टॅटवर हाताने लावलेला आकडा बॉयलरवरही दिसतो. सकाळी एकवीस होता, आत्ता पंचवीस आहे.

मी पाद्रीबाबांकडे चाललेय. तू फावडं घेऊन ये.

हिल्डा