खोली चौदाचा संगणक

प्रिय आर्काडी,

फिल्म तयार झाली. एक तास दहा मिनिटांची. नाताळात तू फोनवर म्हणालास, "झिना, आईची तुझ्याकडे जेवढी चित्रणं असतील तेवढी जोडून एक फिल्म कर. ब्लाजिनला, पितरांच्या सणाला, कबरीवरून जेवून आलो की घरी सगळे मिळून बघू. दोइनाला आजीचा आवाजसुद्धा आठवत नाही." आई गेल्यावर सहा वर्षांनी तुझ्या हातात तिथे राहायचे कागद आलेत, तू येणार आहेस, आणि मागून मागून एवढंच मागितलंस. नाही कशी म्हणणार?

हो म्हणून बसले खरी, पण माझ्या लॅपटॉपचे हाल तुला ठाऊक नाहीत. लग्नाचं चित्रण उघडलं की नवरी एक पाऊल टाकायची आणि जागच्या जागी थिजायची, जणू तिला नवऱ्याचा फेरविचार करायचाय. आणि फेव्रोनिया मावशीची तर माझ्याकडे किती वर्षांची चित्रणं! गावातलं संस्कृती भवन बंद पडलं तेव्हा मी तिथला कॅमेरा घेतला आणि पहिल्यांदा रोखला तो कुंपणापलीकडच्या तुझ्या आईवर. "माझ्यावर कशाला वाया घालवतेस, शेळीवर घाल. ती तरी देखणी आहे," म्हणाली होती. ते वाक्य फिल्मच्या सुरुवातीलाच ठेवलंय.

नवा संगणक माझ्या आवाक्यातला नव्हता. लग्नं आता गावात होतात कुठे? मी मयतींची चित्रणं करते. पाडोव्याला, डब्लिनला कामाला गेलेली मुलं ती पाहून आईबापांना निरोप देतात. तुझ्या आईची मयतही तू तशीच पाहिलीस.

म्हणून बाल्त्सीच्या बाजारात गेले. तिथे व्हालेरियू नावाचा एकजण बसतो. बंद पडलेल्या कारखान्यातला जुना फिटर, हल्ली कचेऱ्यांनी मोडीत काढलेले संगणक विकतो. मला काय हवंय ते ऐकून तो हसला. "ताई, ह्या डबड्यावर जन्मभर दाखले टाइप झाले, आणि तुम्ही ह्याला सिनेमा काढायला लावणार? म्हाताऱ्या बैलाला शर्यतीत पळवताय होय?" मी म्हटलं, "म्हातारं कोण ते मागाहून ठरवू. आधी झाकण उघडा." मग तो जरा सरळ बोलू लागला. माझा हात एका चपट्या, स्वस्त पेटीवर होता, तो त्याने बाजूला केला. "ही घेऊ नका. हिच्यात पुढे काही मावणार नाही. ही उभी, मोठी घ्या."

त्या उभ्या पेटीवर 'खोली १४' अशी चिठ्ठी होती. आत धुळीचा जाड थर. प्रोसेसर थंड ठेवणारी पेस्ट वाळून खडू झाली होती, ती त्याने खरवडून नवी लावली. चार जीबी रॅम होती तिथे सोळा केली. खरखरणारी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली. ग्राफिक्स कार्ड मी मोठं निवडलं, तर तो ओरडला. "कचेरीतल्या मशीनचा पॉवर सप्लाय बेताचा असतो हो! हे कार्ड त्याला पेलणार नाही. वेगळी वायर न लागणारं लहान घ्या, तुमचं काम निघेल." त्याचं ऐकलं. सगळं मिळून अठ्ठावीसशे लेई गेले. निघताना त्याने विचारलं, "कोणाची फिल्म करणार?" "शेजारणीची." "आहे का ती?" मी नकाराची मान हलवली. मग तो थट्टा विसरला. ओलं फडकं घेऊन पेटी बाहेरून आतून स्वतः पुसून दिली, आणि बसपर्यंत उचलूनही आणली.

आर्काडी, ते डबडं पळतं रे. मोठ्या चित्रणांची हलकी प्रत करून घ्यायची, तिच्यावर कापाकापी करायची आणि शेवटी मूळ चित्रण जोडायचं, ही रीत मी शिकून घेतली. एकदाही अडकलं नाही. मावशी अक्रोड फोडते आहे, मक्याच्या पिठाची घट्ट मामालिगा दोऱ्याने कापते आहे, पाद्रीबाबांच्या चालीची नक्कल करते आहे. तू गेलास त्या दिवशी मिनीबस वळली तरी ती पाठमोरी उभीच आहे. तेही सापडलं. महिनाभर मी तिच्याबरोबर राहिले असंच म्हण ना.

फक्त एक फाइल मी बाजूला ठेवत होते. शेवटच्या ऑक्टोबरची. सहा वर्षं मी स्वतःला सांगत आले की ती जुन्या लॅपटॉपवर धड चालत नाही. ते खोटंही नव्हतं. पण आता समोर सगळं उघडणारं यंत्र होतं आणि माझ्याकडे सबब उरली नव्हती.

तो ऑक्टोबर तुला आठवत असेल. इकडे मावशीने अंथरूण धरलेलं. दोइना तेव्हा अकरा वर्षांची, पाडोव्याच्या इस्पितळात, तिच्या रक्ताच्या आजारावर उपचार चालू. तुझ्याकडे कागद नाहीत. एकदा इकडे आलास की परत आत शिरू देणार नाहीत, आणि तिकडे तुझी लिलिया लेकीजवळ एकटी. तिने मला फोन केला होता. बिचारीने काही मागितलं नाही. नुसती रडली आणि म्हणाली, "त्याला काही कळवू नका असं नाही म्हणत मी, झिना. पण तो निघाला तर मी काय करू?" दुसऱ्या दिवशी मावशीने मला हाक मारली. "पोरी, आर्काडीसाठी काहीतरी घे. डोकं विंचरून बसले आहे." मी घेतलं. त्यातली आठ मिनिटं तुला पाठवली: अक्रोड बरे आलेत, लोकरीची बनियन घाल, दोइनाला माझे मुके दे. अकराव्या दिवशी ती गेली.

फिल्म पुरी होत आली होती तेव्हा, मागच्या महिन्यात, तू फोनवर जे बोललास ते मी तेव्हापासून विसरू शकले नाही. "झिना, ती माझ्यावर रागावून गेली. आठ मिनिटं बोलली, पण ये म्हणून एकदाही म्हणाली नाही. सहा वर्षं मी ते पुन्हा पुन्हा बघतोय, एकदाही नाही." तू हे अगदी साध्या आवाजात म्हणालास. मी "हॅलो, हॅलो, ऐकू येत नाही" म्हणाले आणि फोन ठेवला. ऐकू येत होतं.

म्हणून हे पत्र. फोनवर मला जमलं नसतं. आठ मिनिटांनंतर मावशी थांबली होती, मी कॅमेरा बंद करायला उठले होते, आणि तिने माझ्याकडे न बघता, थेट भिंगाकडे बघत म्हटलं, "आर्काडी, ये रे आता. आलास की पलंगाच्या उजव्या बाजूला बस, डाव्या कानाने मला ऐकू येत नाही. ये बाळा." मग ती हसली, लाजल्यासारखी, आणि पुन्हा म्हणाली, "ये." एकूण बावन्न सेकंदं. ती मी कापली. तिने सांगितलं नव्हतं, लिलियाने सांगितलं नव्हतं, माझं मी ठरवलं. तू ते पाहिलं असतंस तर त्याच दिवशी निघाला असतास, हे मला माहीत होतं. आणि खरं सांगते, तू यावास असं तेव्हा मलाही फार वाटत होतं, म्हणूनच मी माझ्या मनावर भरवसा ठेवला नाही. ती अकरा दिवस मला विचारत राहिली, "पाठवलंस ना?" मी हो म्हणत राहिले. दोइना बरी झाली, दर वाढदिवसाला तिचा फोटो येतो, आणि दर वेळी वाटतं की मी बरोबर केलं. मग तुझ्या आईच्या दाराला कुलूप दिसतं आणि तसं वाटेनासं होतं. शनिवारी तिकडे निघणाऱ्या मिनीबसने हा पेनड्राइव्ह पाठवतेय. मोठी फिल्म त्यात नाही, ती तू आल्यावर सगळ्यांबरोबर बघ. ह्यात फक्त ती बावन्न सेकंदं आहेत. दार लावून, एकटा बघ. मला माफ करायचं की नाही ते तू ठरव, पण ती रागावून गेली असं ह्यापुढे एक दिवसही समजू नकोस. तिने तुला बोलावलं होतं, आर्काडी. तीनदा.

तुझीच, कुंपणाअलीकडची,
झिनाइदा