पास्मा आणि पांढरी टोपी

बुएनाविस्ता,
५ ऑगस्ट १९८४

चि. इंदाय सोलेदादला तुझ्या लोलोचे, म्हणजे आजोबाचे, अनेक आशीर्वाद.

पत्राला फार उशीर झाला, माफ कर. मी तिसरीपर्यंत शिकलेला माणूस. चार ओळी लिहायच्या म्हणजे मला जाळं विणण्याहून जास्त वेळ लागतो. त्यात तुझं मागचं पत्र वाचल्यापासून जीव थाऱ्यावर नाही.

तुझ्या नर्सिंग शाळेचा कागद आला. मुलीला माणूस उचलता येतो का, आठ तास उभं राहवतं का, रक्त पाहून घेरी येते का, दुसऱ्याच्या दुःखात स्वतःला आवरता येतं का, हे सगळं पालकाने भरायचं. मला हसू आलं. तू दोन वर्षं तुझ्या आजीला चटईवरून उचलून बसवत होतीस, तेव्हा कुणी कागद मागितला नव्हता. शेजारच्या मानांग बेसिंग म्हणाल्या, या चिडक्या म्हाताऱ्याबरोबर अठरा वर्षं काढली हेही लिहा, पोरीला लगेच पास करतील.

पण शेवटी, आणखी काही सांगायचे आहे का, असं विचारलं होतं. वॉर्डातली ती म्हातारी तुझ्या हातांत गेली, तेव्हापासून हात थरथरतात असं तू लिहिलंस. इंदाय, हा पास्मा आहे. कामाने तापलेले हात तुम्ही मुली लगेच गार पाण्यात घालता, तेही दिवसातून चाळीस वेळा! गारवा शिरांत शिरतो आणि हात कायमचे जातात. माझ्या भावाचा जाळं फेकायचा हात असाच गेला. म्हणून त्या प्रश्नाखाली तुमच्या मुख्य बाईंना मी दोन ओळी लिहिल्या, पोरीला जरा जपा म्हणून. रागावू नकोस.

तुला नर्सची पांढरी टोपी मिळण्याच्या समारंभाला पांढरा सदरा घालून येणार आहे. त्याचं एक बटण तुटलंय, ते बेसिंग लावून देतील. लोलोवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा लोलो,
अनासेतो

---

इलोइलो,
१४ ऑगस्ट १९८४

ती. लोलोंना सा. न. वि. वि.

दर पत्रात आशीर्वादासाठी तुमचा हात कपाळाला लावते असं लिहिते. आज तसं लिहवत नाही.

दोन ओळी नव्हत्या, लोलो. दीड पान होतं. बाईंनी मला खोलीत बोलावून ते वाचायला दिलं. मग डॉक्टरांनी हात पुढे करायला सांगून बोटांवर कोरा कागद ठेवला. कागद हलला. त्या वेळी कुणाचा हलला नसता? आता बत्तीस मुलींच्या यादीत माझ्या एकटीच्या नावापुढे पेन्सिलीने फुली आहे. मी हात धुवायला गेले की कुणीतरी ओरडतं, अगं नळ बंद करा, हिच्या लोलोंनी बजावलंय!

ती म्हातारी गेल्याचं मला किती लागलं, हे मी इथे कुणालाही सांगितलं नव्हतं. इथे मुलगी रडली तर तिचं मन कच्चं असा शेरा पडतो. रडायचं असेल तर चादरींच्या खोलीत जायचं, तोंड धुवायचं आणि पुढच्या खाटेकडे हसत जायचं. हे शिकता शिकता जे उरलं, ते मी तुम्हाला लिहिलं. घरून निघाले तेव्हा तुम्ही सांतो निन्योच्या, बाळ येशूच्या, मूर्तीवर हात ठेवून शब्द दिला होता की माझ्या पत्रातलं कुणालाही कळणार नाही.

आणि ती शेवटची ओळ. 'हात बरे होईपर्यंत, किंवा कायमचं, हिला घरी पाठवा.' हे पास्म्याला भिऊन लिहिलंत का? की आई नर्स होऊन सौदीला गेली आणि सात वर्षांत नुसत्या सामानाच्या पेट्याच आल्या, म्हणून?

गुरुवारी तीस तारखेला बाई माझे हात पुन्हा पाहणार आहेत. नापास झाले तर टोपी नाही, आणि शाळाही नाही. परकी माणसं दगा देतील हे मी धरूनच होते. तुमच्याकडे मात्र पाठ करून मी निर्धास्त होते.

लोभ असावा, असं शेवटी लिहायची रीत आहे. म्हणून लिहिलं.

सोलेदाद

---

बुएनाविस्ता,
२५ ऑगस्ट १९८४

चि. इंदायला आशीर्वाद. घेशील तर.

तुझं पत्र मी बेसिंगना वाचून दाखवलं नाही. एवढं तरी या वेळी पाळलं.

तू विचारलंस ते खरं आहे. पास्म्याची भीती खरीच होती. पण ती ओळ मी तुझ्या आईच्या आठवणीने लिहिली. ती निघाली तेव्हा मीच तिची पेटी होडीपर्यंत वाहिली होती. या वेळी पेटी उचलायचीच नाही असं मनात होतं. तुला दोन ओळी सांगितल्या, कारण ही ओळ सांगायची लाज वाटली.

काल सकाळच्या मोटारहोडीने मी इलोइलोला आलो होतो. बाईंसाठी नारळांची पाटी डोक्यावर घेऊन धक्क्यापासून चालत गेलो. मुलीला पास्मा नाही, मी स्वार्थाने लिहिलं, असं त्यांना सांगितलं. बाईंनी पाटीकडे पाहिलंसुद्धा नाही. म्हणाल्या, आजोबा, हात तापलेत ना? मग या गार पाण्यात धुवा. तुमचं कोणतं बोलणं खरं, ते मला कळेल.

इंदाय, साठ वर्षांत मी असं केलं नव्हतं. पण धुतले, कोपरापर्यंत, साबण लावून. हात थरथरले. बाई म्हणाल्या, हा पास्मा नव्हे, हे वय आहे, आणि थोडी शरम. तुझं काय ते मात्र तुझ्या हातांवरूनच गुरुवारी ठरेल म्हणाल्या. माझ्या शब्दाला आता तिथे किंमत नाही. नारळही परत दिले.

परतताना तू मला वऱ्हांड्यातून दिसलीस. एका धिप्पाड माणसाचा हात तुझ्या गळ्यात होता आणि तू त्याला खाटेवर उठवून बसवत होतीस, आजीला बसवायचीस तशीच. मी नुसते तुझे हात बघत राहिलो. ते हलत नव्हते. तू मान वर केलीस. मला पाहिलंस की नाही, कळलं नाही. थांबली नाहीस, आणि तेच बरोबर होतं. त्याला सोडून माझ्याकडे आली असतीस तर तो पडला असता.

सदऱ्याला बटण लावून झालंय. तू ये म्हणालीस तरच घालीन. टोपी मिळाली की नाही, एवढं शुक्रवारच्या होडीने कळव. राग गेला नसेल तर रागाचं पत्र लिही, पण लवकर लिही. मी धक्क्यावर उभा आहे.

तुझा लोलो,
अनासेतो