आईच्या कादंबरीची राहिलेली पानं

स्वप्ना बाळ,

सुट्टीचा दिस म्हनून तुला उठवलं न्हाई. म्या इस्लामपूरला वाचनालयात चाललोय. आज वाचकांची बैठक हाय. जो तो आपल्याला आवडलेलं पुस्तक सांगतो. तुझी आई गेल्यापास्नं तिकडं फिरकलोच न्हवतो. दूध तापवलंय, भाकरी फडक्यात हाय.

बैठकीत म्या लढायांचा इतिहास सांगायचो, तुझी आई कादंबऱ्या. तिची अर्धवट राहिलेली, होडीवाल्या पोरीची कादंबरी तिच्या उशाखाली घावली. रोज दुपारी ओसरीवर वाचत बसतो. नदी, धुकं, पल्याडचा दिवा, सगळं तिच्याच आवाजात ऐकू येतं बग. वाचता वाचता डोळा लागतो, आन् जागा झालो तरी होडीतच असल्यागत वाटतं.

आज इतिहास न्हाई, हीच सांगनार हाय. सांगलीच्या दवाखान्यात जाताना तिनं खुणेला एस्टीचं तिकीट ठेवलं होतं, तिथवरच वाचलीया. फुडं जायला धीर झाला न्हाई. कुनी शेवट इचारला, तर आमच्या घरात अजून वाचायचं चालू हाय, असं सांगीन.

सांजच्याला घरीच थांब. राहिलेली पानं तू मोठ्यानं वाच, म्या ऐकतो.

— आण्णा